शीकाकूचा चकचकीत हौद

माझ्या काकूला आम्ही घरातली मुलं शीकाकू म्हणतो, अर्थात ती ऐकत नसताना. तिचं कुठलंही वाक्य ‘शी’नं सुरू होतं आणि बऱ्याचदा तिथंच संपतं. ‘शी, पेस्टचं झाकण कुणी उघडं टाकलं?’ ‘शी, या टॉवेलला कुणाचा तरी वास येतोय.’ कुणाचा ते ती सांगत नाही, पण बघते माझ्या बाबांकडे. तिचा चेहराच त्या कामासाठी घडवलाय. आधी डावी नाकपुडी वर जाते, तिच्यामागून ओठ, मग भुवई, दोरी ओढल्यावर पडदा वर सरकावा तशी. काकानं लग्नानंतर लगेच मिशी काढून टाकली. का, तर सूप प्यायल्यावर मिशीत थेंब राहायचा आणि काकू जेवणावरून उठून जायची.

आई आणि काकू सख्ख्या जावा. एका घरात राहतात, एका कारखान्यात जातात आणि तिथंही एकाच टेबलावर बसून माल बांधायच्या. आता माझ्या आईचं एक आहे, ती चहात बिस्किट बुडवते. नुसतं बुडवत नाही, पार विरघळेपर्यंत धरून ठेवते, मग ते कपात पडतं, मग ती तळाचा लगदा चमच्यानं खरवडून ओढते. सुर्रर्र, चप. सुर्रर्र, चप. काकूला हे घरी दोन वेळा आणि कारखान्यात दोन वेळा ऐकावं लागायचं.

‘वहिनी, दात आहेत ना तुम्हाला?’

‘आहेत की. पण बिस्किटाला कशाला त्रास द्यायचा?’

‘शी.’

कारखाना म्हणजे पत्र्याच्या दोन शेड आणि मधे अंगण. लोखंडी वस्तूंवर जस्त चढवून द्यायचं काम, म्हणजे मग त्या पाण्यापावसात गंजत नाहीत. पण गंजलेल्या लोखंडाला जस्त धरत नाही. म्हणून पहिल्या शेडमधे माल ॲसिडच्या हौदात सोडायचा, ॲसिडनं गंज खाल्ला की बाहेर काढून धुवायचा, आणि दुसऱ्या शेडमधे वितळलेल्या जस्तात बुडवायचा. तिथं भट्टीवाला असतो. तो सतत कुणीतरी लांब असल्यासारखा ओरडून बोलतो, बायकोशीसुद्धा.

ॲसिडची शेड होती नळमामाकडे. वाफांनी त्याचं नाक कायम वाहायचं म्हणून ते नाव. त्याला ते माहीत होतं आणि त्याचा त्याला मानही वाटायचा. तो नाक रुमालानं पुसत नसे. कोपर वर करायचा, नाक त्यावरून डावीकडून उजवीकडे न्यायचा, सुर्र, आणि बोलणं जिथं तुटलं तिथून पुढं चालू. डबा खायचा तो हौदाच्या कठड्यावर बसूनच. त्याचे पुढचे दात वाफेनं झिजून अर्धे राहिले होते. हसला की वाटायचं, कुणीतरी करवतीनं ओळीत कापलेत.

नव्या माणसाला तो एक खेळ करून दाखवायचा. जुन्या कपात ॲसिड घ्यायचा आणि त्यात जस्ताचा तुकडा टाकायचा. कप फसफसून वर यायचा. ‘ही माझी बायको. सुर्र. हात लावायची खोटी.’ मग दुसऱ्या कपात लोखंडी खिळा. बारीक बारीक बुडबुडे, निवांत. ‘हा मी. करतो, पण माझ्या चालीनं.’ तिसऱ्या कपात तांब्याची तार. काही नाही. तो वाट बघायचा, समोरच्यालाही वाट बघायला लावायचा. ‘हा माझा जावई. सुर्र. काही केलं तरी हलत नाही.’

काकूला हा खेळ पहिल्याच दिवशी दाखवला गेला होता. तिचं सगळं लक्ष कपाच्या कडेकडे होतं. ‘त्यातूनच चहा पितो का हो तो?’ तिनं आईला विचारलं होतं.

पण काकूची खरी शिसारी होती त्या हौदावर. तळाला काळा चिखल, मधे हिरवट तपकिरी पाणी, वर तेलाचा तवंग आणि तवंगावर फेस, पिवळा पडलेला, कडेला सुकून खपल्या धरलेला. ॲसिड फारच थकलं की हौद उपसायचा आणि नवं भरायचं, असा नियम. उपसलेलं सगळं मागच्या अंगणातल्या पिंपांत जायचं आणि घाण नेणारी गाडी आली की तिथून पुढं. पण नळमामा हौद कधीच पुरता उपसत नसे. तळाला गुडघाभर ते हिरवं पाणी ठेवायचा आणि त्यावरच नवं भरायचा.

‘मामा, ते तेवढं काढून का टाकत नाही?’ काकूनं एकदा नाकाला पदर लावून विचारलं होतं.

‘विरजण आहे ते, पोरी. सुर्र. नवं ॲसिड एकटं कामाला लागत नाही. त्याला आधी लोखंडाची चव लागावी लागते.’

‘शी,’ काकू म्हणाली. घरी येऊन आईला म्हणाली, ‘विरजण म्हणे. आळशी आहे मेला. वाकायला नको म्हणून विरजण.’

मग नळमामाचे गुडघे गेले. हौदाच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून तो घरी बसला. ॲसिडच्या शेडमधे जायला कुणी तयार होईना. मालकानं सगळ्यांना अंगणात उभं केलं. मालकाची सवय म्हणजे बोलताना गाडीच्या किल्लीनं कान कोरायचा, मग किल्लीचं टोक उजेडात धरून बघायचं आणि जे दिसेल त्यावर मान डोलवायची.

‘म्हणजे कसंय, शेड कुणीतरी घ्यायला पाहिजे. कळलं ना. कोण घेतंय?’

काकूनं हात वर केला. आई सांगते, सगळे वळून बघायला लागले. ज्या बाईला दुसऱ्याच्या कंगव्यातला केस बघून उमासा येतो, ती त्या हौदावर जाणार. पण काकूचा हिशेब सरळ होता. शेडमधे ती एकटी असणार होती. घाण असेल ती तिच्या हातात, ती घासून काढता येते. आईचं सुर्रर्र चप घासून काढता येत नाही.

मालकानं किल्ली पुसली, स्वतःच्याच पँटला. ‘बरं. पुलाच्या कठड्यांचं काम आलंय, शनिवारी ट्रक लागेल. माल वेळेवर गेला तर शेड तुमची, मुकादम म्हणून. नाही गेला तर मी मामाला खुर्चीवर बसवून उचलून आणतो आणि तुम्ही परत टेबलावर. कळलं ना.’

काकूला कळलं. परत टेबलावर म्हणजे परत आईशेजारी.

पहिल्या दिवशी तिनं काय केलं असेल? हौद उपसला. गुडघाभर ठेवून नाही, पार. पंप लावून सगळं मागच्या पिंपांत काढलं. मग गमबूट, कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून स्वतः आत उतरली आणि तळाचा चिखल खोऱ्यानं ओढून बादल्यांत भरला. आई म्हणते, आतून नुसता ‘शी... शी...’ असा आवाज येत होता, सायकलची हवा गेल्यासारखा. घासून, धुऊन, पुन्हा घासून तिनं हौद असा केला की आतल्या रबराच्या अस्तराचा मूळ रंग काळा आहे हे लोकांना पहिल्यांदा कळलं. गाडी आली, भरलेली पिंपं घेऊन गेली. शेवटच्या बादल्या मागाहून निघाल्या, त्या लोक ज्यात थुंकायचे, थोटकं टाकायचे त्या एका मोडक्या पिंपात राहिल्या. त्यावर तिनं तिथलंच जुनं ओलं गोणपाट टाकलं आणि तिकडं पुन्हा बघितलंही नाही.

मग हौदात पाणी भरलं, पाण्यात हळूहळू ॲसिड सोडलं. तळ दिसत होता. काकूनं आईला हाताला धरून आणलं.

‘बघा. याला म्हणतात हौद.’

‘छान. आंघोळ करायची का?’

‘तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.’

पुढच्या दिवशी सकाळी कठड्यांची पहिली खेप तिनं चेनपुलीनं आत सोडली आणि हातमोजे कमरेवर ठेवून उभी राहिली. जुन्या हौदात माल पडला की पाणी लगेच कुजबुजायला लागायचं. इथं काही नाही. इकडून तिकडून एखाददुसरा बुडबुडा वर येत होता, तोही अनिच्छेनं, सकाळी शाळेला जायला निघालेल्या पोरासारखा. चहा झाला. आईचं बिस्किट विरघळून झालं. कठडे अजून तांबडेच.

पलीकडून भट्टीवाला ओरडला, ‘माल कुठंय? भट्टी माझ्या सासऱ्यासाठी पेटवलीय का?’

‘येतोय.’

‘कुठून येतोय? चालत?’

नळमामाला जाऊन विचारावं हे तिच्या मनात आलंच नाही, असं नाही. पण त्याच्या घरी जायचं म्हणजे तिथं बसायचं, आणि तो चहा देणार. त्यापेक्षा तिनं स्वतःच डोकं लावलं. गार पाण्यानं भरलंय, म्हणून सुस्त असेल. हौदाच्या कडेनं वाफेची नळी जात होती, थंडीत ॲसिड कोमट ठेवायला. ती तिनं उघडली. थोडा फरक पडला. मग वाटलं, पातळ झालं असेल. आणखी ॲसिड ओतलं. मग वाटलं, माल एका जागी पडून राहतोय, त्याच्याभोवतीचं पाणी थकत असेल. म्हणून चेन धरून कठडे वरखाली, वरखाली. एकेका गोष्टीनं थोडा थोडा जोर वाढत गेला. पण तिला थोडा नको होता, तिला नळमामासारखा हवा होता. म्हणून वाफ अजून उघडली, ॲसिड अजून ओतलं. दुपारपर्यंत हौद उकळत्या दुधासारखा वर येत होता आणि शेडमधे श्वास घेता येत नव्हता. काकू दारात येऊन खोकायची, डोळे पुसायची आणि परत आत जायची. आंबट, टोचणारा वास तिच्या केसांत, पदरात, जिभेवर बसला होता. तिला स्वतःचीच शिसारी येत होती.

आणि या गडबडीत ती एक पाटी विसरली. कठड्यांबरोबर त्याच कामाची बारीक तारेची जाळी होती, खालच्या फटी बंद करायला. ती वेताच्या पाटीत घालून तिनं सकाळी कठड्यांबरोबरच हौदात सोडली होती. थंड हौदात काही बिघडलं नव्हतं. पण आता हौद तापलेला, ॲसिड तिखट, आणि तार सगळ्या बाजूंनी उघडी. जाड कठड्याला ॲसिड फक्त बाहेरून चाटतं, आतलं लोखंड शाबूत राहतं. तारेला आत असं काही नसतंच. तिनं पाटी वर ओढली तेव्हा जाळी नव्हती, कोळ्याचं जाळं होतं. तेवढ्यात बघायला आलेल्या मालकानं बोट लावलं आणि ते तुटून त्याच्या बुटावर पडलं.

कठडेही काही बरे निघाले नव्हते. जिथं गंज पातळ होता तिथं खालच्या लोखंडाला देवीच्या वणांसारखे खड्डे, आणि जिथं गंज जाड होता तिथं तो तसाच.

मालकानं किल्ली कानात घातली, पण फिरवली नाही. ‘म्हणजे कसंय,’ तो म्हणाला, आणि दाराकडे वळला. जाताना दारातून म्हणाला, ‘जाळी दुसरी मागवतो. खड्डे पडलेल्या कठड्यांच्या जागी दुसरे कठडे उद्या संध्याकाळी येतील. परवा सकाळी हौद असाच असेल तर मामाकडे खुर्ची पाठवतो.’

आई त्या दिवशी घरी आल्यावर चहा पिताना बिस्किट बुडवायची थांबली. कोरडंच खाल्लं, कुडुम कुडुम. काकू म्हणाली, ‘उगाच दया दाखवू नका. बुडवा.’

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकू नळमामाकडे गेली. ही सगळी हकीकत मला नंतर मामाच्याच तोंडून मिळाली, सुर्रसकट. त्याची खोली म्हणजे एक पलंग, पलंगाखाली एक पातेलं आणि पातेल्यात काय आहे ते काकूनं बघितलं नाही. खिडकीच्या काचेवर बोटांचे ठसे. गुडघ्यांना त्यानं कुठलंसं मलम थापलं होतं आणि त्यावर जुने मोजे ओढले होते, तोंड कापलेले. त्यानं तिला चहा दिला. कपाच्या आत तपकिरी वर्तुळं होती, एकाखाली एक, झाडाच्या बुंध्यातल्यासारखी.

‘पी आधी,’ तो म्हणाला. ‘मग बोलू.’

‘मामा, मी चहा सोडलाय.’

‘काल तर पीत होतीस. सुर्र. भट्टीवाला येऊन गेला रात्री, सगळं सांगून गेला.’

काकू प्याली. डोळे मिटून, औषधासारखा, शेवटपर्यंत. मामा म्हणतो, आयुष्यात त्याच्या चहाचा इतका मान कुणी ठेवला नव्हता.

‘विरजण फेकलंस ना?’

‘हो.’

‘सगळं?’

‘हो, मामा.’

त्यानं कोपर वर केलं, नाक नेलं, आणलं. ‘मग आता काय करणार? एकदा माल सोडत गेलीस, सोडत गेलीस, की आठवड्याभरात हौद आपला आपण जुना होतो. पण तुझ्याकडे आठवडा कुठंय? वाफ आणि ॲसिड वाढवून काय होतं? चिडतो तो. चिडलेल्या माणसाकडून नीट काम होतं का कधी? माझी बायको बघ.’

विरजण हा शब्द मामाचा. आमच्या विज्ञानाच्या बाईंना मी विचारलं तेव्हा त्यांनी फळ्यावर आधी नेहमीचं लिहिलं. ॲसिड तिखट, जास्त गरम, धातूचा जास्त भाग उघडा, शिवाय धातू कुठला आहे, त्यावर वेग ठरतो. मग म्हणाल्या, या कामात आणखी एक गोष्ट असते. आधीच्या मालातून विरघळून ॲसिडात गेलेलं लोखंड पुढचा गंज सोडवायला मदत करतं. फार झालं तर मात्र काम पुन्हा मंदावतं. म्हणून थोडंच ठेवायचं. मामानं हे ऐकल्यावर विचारलं, ‘बाईंचं लग्न झालंय का?’

तर काकू दारापर्यंत गेली आणि थांबली. तिला मोडकं पिंप आठवलं.

‘मामा, शेवटच्या बादल्या राहिल्यात. मागच्या अंगणात.’

‘गोणपाटाखाली? सुर्र. अगं, मग रडतेस काय?’

‘त्यात लोक थुंकतात, मामा.’

‘मी पण थुंकायचो,’ मामा म्हणाला. ‘वरचं बाजूला सार आणि खालचं घे.’

काकू कारखान्यात आली, तेव्हा आई टेबलावर सुतळी सोडवत होती. काकूनं तिच्यासमोर बादली ठेवली. आई उठली.

मागच्या अंगणात भिंतीला टेकून ते पिंप होतं. गोणपाट उचललं तर त्याच्या खालच्या बाजूला बुरशी, मऊ, राखाडी, ओली. आणि पाण्यावर जे होतं ते आई मला जेवताना सांगते, मुद्दाम. काळ्या तेलाची जाड साय. त्यात बिडीची थोटकं, फुगलेली. एक मेलेलं झुरळ, त्याच्यावर दुसरं झुरळ, हे अजून जिवंत. चहाचा चोथा. पांढरट काहीतरी, धाग्यासारखं, तरंगणारं, ज्याच्याकडे बघून दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या.

काकूचा चेहरा वर जायला लागला. नाकपुडी, ओठ, भुवई. मग उमासा आला. तिनं वळून भिंतीला हात टेकला, उलटी केली, तोंड पुसलं आणि परत आली.

‘वहिनी, तुम्हाला काही होत नाही का?’

‘मला दोन पोरं झालीत,’ आई म्हणाली. ‘आणि तुमच्या दिराचे मोजे मी धुते. हातमोजे घाला.’

आईनं लाकडी फळीनं साय एका बाजूला सारून धरली. काकूनं प्लास्टिकचा मग खाली घातला आणि हिरवं पाणी बादलीत काढायला लागली. प्रत्येक मगाबरोबर काहीतरी चिकटून यायचं आणि ते तिला बोटानं काढावं लागायचं. मधे आईनं खिशातून बिस्किट काढलं आणि एका हातानं खाल्लं. काकू आधी थिजलीच. मग म्हणाली, ‘इथं?’

‘भूक लागली. तुमच्यामुळे सकाळी राहिलं.’

काकूला हसू आलं की पुन्हा उमासा, हे आईला कळलं नाही, कारण तोंडावर फडकं होतं. जाड कापडातून गाळून त्यांनी बादल्यांवर बादल्या हौदात ओतल्या. काकूनं घासलेला, आरशासारखा हौद. आधी एक हिरवी रेघ खाली गेली, मग ती पसरली, मग तळ दिसेनासा झाला. काकू बघत उभी होती, लग्नात मिळालेली साडी फाटताना बघावी तशी.

वाफ तिनं बारीक केली. नेहमी कोमट असायचं तेवढंच ठेवलं. ॲसिडही वाढवलं नाही. आदल्या दिवशीचे उरलेले दोन कठडे सोडले. थोडा वेळ काही नाही. मग पाणी कुजबुजायला लागलं. तीच जुनी कुजबुज, देवळाबाहेर चपला काढताना बायका बोलतात तशी. चहा संपेपर्यंत कठडे राखाडी निघाले. सारखे, स्वच्छ, खड्ड्यांशिवाय.

पलीकडून भट्टीवाला ओरडला, ‘मामा आला का परत?’

‘नाही,’ आई ओरडली. ‘मामाचं थुंकणं आलं.’

नवी जाळी आली ती काकूनं वेगळ्या पाटीत, कठडे निघाल्यावर, नुसती बुचकळून काढली, तिच्यावरची नजर न हलवता. शनिवारी ट्रक लागला आणि भरून गेला. मालकानं किल्लीचं टोक उजेडात धरून बघितलं. ‘म्हणजे कसंय, शेड तुमची.’

काकू आता ॲसिडच्या शेडची मुकादम आहे. हौद थकला की उपसते, पण गुडघाभर ठेवून. मोडकं पिंप तिनं टाकून दिलं, नवं घेतलं, झाकणाचं. त्यात ती विरजण राखून ठेवते आणि त्यात थुंकायची कुणाची हिंमत नाही. डबा मात्र अजून टेबलावर येऊन खाते, आईसमोर.

थंडी पडली तेव्हा एका संध्याकाळी दोघी घरी आल्या. चहा झाला. आईनं बिस्किट बुडवलं, धरून ठेवलं, पाडलं, खरवडलं. सुर्रर्र, चप. मी काकूच्या चेहऱ्याकडे बघत होतो, नाकपुडी कधी वर जाते ते. ती गेलीच नाही. काकू भट्टीवाल्याच्या आळशीपणाबद्दल काहीतरी सांगत होती. सांगता सांगता तिनं कोपर वर केलं, नाक डावीकडून उजवीकडे नेलं, आणि बोलणं जिथं तुटलं तिथून पुढं चालू ठेवलं.

आईनं चमचा खाली ठेवला. ‘शी,’ ती म्हणाली.

‘काय झालं?’ काकूनं विचारलं.

‘काही नाही,’ आई म्हणाली आणि स्वतःचा कप जरा अलीकडे ओढला.